सेलिंग क्लबच्या साइटवर नेमकं काय कुठे असतं? – मदतीचा धागा

सुकाणू

मोसम सुरू झाला की तेच प्रश्न नव्याने येतात. सूचना कुठे आहेत, नाव दिलं होतं तर यादीत का नाही, वेळ बदलली हे मला कुणी सांगितलंच नाही. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एक धागा बरा. क्लबच्या साइटची हमाली माझ्याकडे आहे. पगार शून्य, बोलणी मात्र न चुकता मिळतात. साइट कुठल्याही क्लबची असो, वरचा रंग वेगळा असतो, आतला सांगाडा बहुधा तोच. त्यामुळे तुमचा क्लब कुठला का असेना, बिनधास्त विचारा.

एक गोष्ट आधीच सांगतो, निम्मे घोळ इथेच होतात. साइटवरच्या सगळ्या पानांना सारखं वजन नसतं. पहिल्या पानावर झळकतं ते आमंत्रण. कॅलेंडरमध्ये असतो तो बेत. रेसच्या दिवशी शब्द चालतो तो तीनच ठिकाणचा: नोटिस ऑफ रेस, सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (पुढे नुसतं 'सूचना') आणि ऑफिशियल नोटिस बोर्ड. कोण भाग घेऊ शकतं, नोंदणी कधीपर्यंत, किती रेस, कुठल्या वर्गाच्या होड्या, विमा लागतो का, हे नोटिस ऑफ रेसमध्ये. पाण्यावरचा कारभार, म्हणजे कोर्स (रेसचा मार्ग), कुठला मार्क (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) कुठल्या बाजूला ठेवायचा, स्टार्ट लाइन, वेळेची मर्यादा, प्रोटेस्टची (नियमभंगाच्या तक्रारीची) मुदत, हे सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये. या दोन्हींत नंतर जे बदलेल ते बोर्डावर.

म्हणजे कॅलेंडरमध्ये ११ आहे आणि बोर्डावर ११:३०, तर ११:३०. वाद नाही. हा बोर्ड क्लबच्या भिंतीवर असेल, साइटवर असेल किंवा दोन्हीकडे असेल. नेमका कुठला धरायचा ते त्या स्पर्धेच्या कागदांतच लिहिलेलं असतं. आधी तेवढी ओळ शोधा आणि त्या पानाचा बुकमार्क करून ठेवा. होमपेजचा बुकमार्क काही कामाचा नाही.

मेनूत हे पान "रेसिंग" खाली सापडतं, "बातम्या" खाली नाही. फोनवर मेनू तीन आडव्या रेघांमागे दडलेला असतो. तिथे "रेसिंग" या शब्दावर बोट टेकवलं की भलतंच पान उघडतं. शब्दाच्या शेजारी एक बारका बाण असतो, तो दाबला की खालची यादी उलगडते. हा बाण न दिसल्यामुळे "साइटवर काहीच नाही हो" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

नवी_डिंगी

बाण सापडला! कालपासून "आमच्याविषयी" हेच पान परत परत वाचत होते.

दोन शंका. सेलिंग इन्स्ट्रक्शन्सची पीडीएफ मी फोनवर उतरवून घेतली आहे, पण बोर्डावर "दुरुस्ती क्र. २" असा वेगळाच कागद दिसतोय. मूळ फाइलच का बदलत नाहीत? आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये सेल नंबर विचारलाय, तिथे सभासद क्रमांक लिहिला तर चालेल ना?

सुकाणू

नाही चालणार. सेल नंबर म्हणजे शिडावर लिहिलेला आकडा. फिनिश लाइनवर बसलेला माणूस तुमचा चेहरा बघत नाही, शिडावरचा आकडा टिपतो, आणि निकाल लावताना तोच आकडा नोंदणीशी जुळवला जातो. एखाद्या दिवशी उसनं शीड लावून उतरणार असाल तर रेस कमिटीला आधी कळवा.

मूळ फाइल मुद्दामच बदलत नाहीत. बदलली तर कुणाच्या हातात कुठली प्रत आहे याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून मूळ कागद तसाच राहतो, दुरुस्त्या क्रमांकाने लागतात आणि प्रत्येकीवर लावल्याची तारीख-वेळ असते. नियमही तेच म्हणतो: सूचनांमधला बदल लेखी हवा, आणि सूचनांमध्ये ठरवून दिलेल्या वेळेआधी बोर्डावर लागायला हवा. होड्या पाण्यात गेल्यावर बदल करायचा असेल तर प्रत्येक होडीला तिच्या वॉर्निंग सिग्नलच्या (स्टार्टआधीच्या इशाऱ्याच्या) आधी तो कळवावा लागतो. किनाऱ्यावर एल झेंडा चढलेला दिसला, पिवळ्या-काळ्या चार चौकटींचा, की समजा बोर्डावर काहीतरी नवीन लागलंय.

तेव्हा फोनवर उतरवलेल्या प्रतीवर विसंबू नका, दर वेळी साइटवरूनच उघडा. पान उघडलं तरी ते ताजं असेलच असं नाही. ब्राउझर कधीकधी साठवलेलं पान पुढे करतो. फोनवर पान खाली ओढून सोडा, कंप्युटरवर कंट्रोल आणि एफ५ एकदम दाबा. निघण्याआधी बोर्डाचा स्क्रीनशॉट जरूर घ्या, लाँचिंगच्या जागी बऱ्याचदा नेटवर्क मिळत नाही. तो स्क्रीनशॉट त्या दिवसापुरताच, संध्याकाळी उडवून टाका.

शिडाआडून

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पडतो आणि सगळ्यांना कळतं. साइट उघडा, लॉगिन करा, पासवर्ड विसरला म्हणून ईमेल मागवा, ती स्पॅममध्ये शोधा. तोवर स्टार्ट होऊन जातो.

गुणतक्ता

सगळ्यांना कळतं? ग्रुपवर सकाळी कुणीतरी टाकतं, "आज वारा नाही, रेस नसणार बहुतेक." त्यातलं "बहुतेक" गळतं, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि दुपारी रेस होते. मग घरी बसलेले माझ्याकडे रिड्रेस (गुणांची भरपाई) मागायला येतात. ग्रुपवर वाचलं होतं, हे प्रोटेस्ट कमिटीपुढे टिकत नाही. त्या ग्रुपला सूचनांमध्येच अधिकृत दर्जा दिलेला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि बोर्ड वाचायला लॉगिन लागत असेल तर तो तुमच्या साइटचा दोष आहे, बोर्डाचा नाही. स्पर्धेला बाहेरचे लोकही येतात, ते कुठून लॉगिन करणार? बोर्ड, कागदपत्रं आणि निकाल कुलपाबाहेर हवेत. फोन नंबर, ड्यूटीची यादी, सभेची इतिवृत्तं कुलपाआड.

सुकाणू

+१. ग्रुप वाईट नाही, फक्त तिथे बोर्डाची लिंक टाका, मजकूर उचलून चिकटवू नका. चिकटवलेला मजकूर फिरत राहतो, दुरुस्ती क्र. ३ लागली तरी लोक क्र. २ च एकमेकांना पाठवत बसतात.

शिडाआडून

लिंकचं पटलं. पण मग तुम्हा लोकांनी ते आडवे पीडीएफ लावणं बंद करा. कोर्सचा नकाशा ए३ कागदासाठी काढायचा आणि लोकांनी तो ओल्या बोटांनी फोनवर ताणत बसायचं. ताणला की मार्कचे आकडे पडद्याबाहेर, आणि आकडे धरले की बाण बाहेर.

सुकाणू

हे मात्र शंभर टक्के मान्य. आमच्याकडे आता प्रत्येक कोर्सचं वेगळं उभं चित्र लावतो, आणि खाली मार्कचा क्रम व बाजू साध्या मजकुरात. नकाशा नाही उघडला तरी काम भागतं. तुमच्या कमिटीकडे मागणी करा. साइट सांभाळणाऱ्याला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण तो घरात मोठ्या स्क्रीनवर बघत असतो.

नवी_डिंगी

भरतीच्या पानाबद्दल कुणी सांगेल का? ओहोटीच्या वेळेसमोर उंची १.१ मीटर लिहिली आहे. म्हणजे तेव्हा सगळीकडे पाणी १.१ मीटरच असतं का? माझा सेंटरबोर्ड (होडीखाली उतरणारी फळी) पूर्ण खाली केला तर जवळपास तेवढाच जातो, म्हणून काळजी.

उधाण_भांग

चांगलं विचारलंत. हे पान रोज उघडणाऱ्यांतसुद्धा हे माहीत नसलेले सापडतात.

ती उंची म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ती चार्ट डेटम नावाच्या ठरवलेल्या पातळीपासून वर मोजलेली असते. नकाशावर छापलेली खोली त्याच पातळीपासून खाली मोजतात. म्हणून दोन्हींची बेरीज करायची: नकाशावर ०.८ आणि कोष्टकात १.१, तर त्या जागी पाणी १.९ मीटर. नकाशावरच्या आकड्याखाली रेघ ओढलेली असेल तर मात्र ती जागा डेटमच्या वर आहे, मोठ्या ओहोटीला उघडी पडते. तिथे वजाबाकी करायची. अशा जागी ०.८ असेल तर १.१ मधून ते गेले, उरलं ०.३. होडी वाळूत रुतलीच समजा.

दुसरी मेख वेळेची. कोष्टकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात वेळ कुठली ते लिहिलेलं असतं. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपल्या घड्याळात बदलून घ्यायची. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या देशांत छापील कोष्टकांत तो तास बऱ्याचदा धरलेला नसतो, पण साइटवरची पट्टी तो धरून दाखवत असू शकते. आधीच धरलेला तास कुणी परत मिळवला की एका तासाची तफावत नको तिथे भोवते. पट्टीची वेळ आणि छापील वेळ एकदा शेजारी ठेवून बघा, म्हणजे आपल्या साइटची सवय कळेल.

तिसरं, पट्टीवर फक्त भरती आणि ओहोटीचे टोकाचे आकडे असतात, मधल्या वेळेचं काय? त्यासाठी बारा भागांचा जुना ठोकताळा आहे. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. एकूण चढाचे बारा भाग करा: पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात परत एक. चढ ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ०.३ मीटर वाढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी ०.९. प्रवाहाचा जोरही साधारण त्याच मधल्या तासांत जास्त. हे सगळीकडे लागू नाही. जिथे भरतीचं चक्र वेडंवाकडं आहे तिथे साइटवरचा आलेखच बघायचा.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. रेसचं कॅलेंडर करणाऱ्यांनीही हे बघितलं तर बरं होईल. उधाणाच्या ओहोटीला स्टार्ट ठेवून मग स्लिपवेवर (होड्या उतरवायच्या उतारावर) चिखलात ट्रॉल्या ढकलायला लावणारे महाभाग पाहिलेत.

नवी_डिंगी

हे सेव्ह करून ठेवते आहे. मनापासून आभार, काका.

वाऱ्याच्या_तोंडी

भरतीचं झालं, आता वाऱ्याचं सांगा. हवामानाच्या पानावर अंदाज १२ चा असतो आणि आमच्या छपरावरचा मीटर साइटवर ६ दाखवतो. मीटर बिघडलाय असं सगळे म्हणतात. कमिटी नवीन घ्यायच्या विचारात आहे.

सुकाणू

घेऊ नका! आधी आकड्यापुढचं एकक वाचा. मीटर प्रति सेकंद दाखवत असेल तर ६ म्हणजे जवळपास १२ नॉट्सच झाले, कारण १ मीटर प्रति सेकंद म्हणजे १.९४ नॉट्स. मीटर ठणठणीत आहे. सेटिंगमध्ये एकक बदलून नॉट्स करा, विषय संपला.

वाऱ्याच्या_तोंडी

बघितलं. एम/एस लिहिलंय, राखाडी रंगात, मुंगीएवढं. उद्या कमिटीला सांगायला मजा येणार आहे.

उधाण_भांग

त्याच पानावर "शेवटचं अपडेट" ही वेळही बघत जा. सेन्सरचं इंटरनेट तुटलं की शेवटचा आकडा तसाच चिकटून राहतो आणि दिवसभर "८ नॉट्स, छान वारा" दाखवत बसतो. सरासरी आणि झोत हे दोन आकडे वेगळे असतात. नवख्यांनी झोताचा आकडा बघून ठरवावं. सरासरी १४ आणि झोत २३, म्हणजे तुम्हाला मधूनमधून ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवरचा ६ झेलायचा आहे. दिशेचा बाण कुठून कुठे काढलाय तेही तपासा: "पश्चिम" म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, पण बाण पूर्वेकडे टोक करून काढलेला असतो. आणि छपरावरच्या मीटरला इमारतीच्या मागून येणारा वारा कमीच दिसतो, हे त्याचं वैगुण्य धरून चालायचं.

आईची_ड्यूटी

मी स्वतः सेलिंग करत नाही, लेक करते. मी फक्त कॅलेंडर आणि ड्यूटी सांभाळते. साइटवरून रेसचं कॅलेंडर फोनमध्ये घेतलं होतं. मोसमाच्या मध्यात रेस एका आठवड्याने पुढे गेली, साइटवर बदललं, पण माझ्या फोनमध्ये जुनीच तारीख. असं का होतं?

सुकाणू

ताई, तुम्ही बहुतेक फाइल उतरवून ती कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट केलीत. इम्पोर्ट म्हणजे त्या दिवशीची नक्कल. नंतर साइटशी तिचा काही संबंध राहत नाही. तुम्हाला हवंय ते सबस्क्राइब. कॅलेंडरच्या पानावर खाली "सबस्क्राइब" किंवा "आयकॅल लिंक" असं असतं. ती फाइल उतरवायची नाही, तिचा पत्ता कॉपी करून फोनच्या कॅलेंडरमध्ये "पत्त्यावरून जोडा" या पर्यायात टाकायचा. त्याआधी जुन्या इम्पोर्ट केलेल्या नोंदी काढून टाका, नाहीतर प्रत्येक रेस दोनदा दिसेल, एक खरी आणि एक शिळी.

सबस्क्राइब केलं तरी बदल लगेच येत नाही. फोन आपल्या सवडीने पत्ता तपासतो, त्यात कित्येक तास जातात. म्हणून आदल्या दिवशी बोर्ड बघणं सुटत नाही.

आईची_ड्यूटी

झालं, जोडलं. आता ड्यूटीबद्दल. मला सेफ्टी बोटवर ड्यूटी लागली आहे! मला साधी होडी वल्हवता येत नाही. "अदलाबदल" दाबलं, पण नाव अजून माझंच दिसतंय.

गुणतक्ता

अदलाबदल दाबणं म्हणजे नुसती विनंती. समोरच्याने ईमेलमधली लिंक उघडून "मान्य" म्हटलं की मगच नाव बदलतं. तोवर ड्यूटी तुमचीच, आणि त्या दिवशी कुणी आलं नाही तर फोन तुम्हालाच येणार. समोरच्याला फोन करून सांगा की ईमेल बघ.

आणि मुळात तुमचं नाव तिथे पडलंच कसं? ड्यूटीची यादी सभासदाच्या प्रोफाइलमधून बनते. प्रोफाइलमध्ये "पॉवरबोट प्रमाणपत्र", "प्रथमोपचार" अशा चौकोनांपैकी एखाद्यावर खूण पडली असेल. ती काढा आणि "किनाऱ्यावरची मदत" किंवा "टायमिंग" निवडा. टायमिंगला माणसं कायम कमी पडतात, आणि पाण्यात उतरावं लागत नाही.

प्रोफाइलमध्ये आहात तोवर लेकीच्या पानावर आपत्कालीन नंबर, औषधांची माहिती आणि पालकांची संमती भरलेली आहे ना तेही बघून घ्या. अठरा वर्षांखालच्यांची संमती बऱ्याच क्लबांत दर वर्षी नव्याने द्यावी लागते. गेल्या वर्षीची खूण दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात.

वाऱ्याच्या_तोंडी

गुणतक्ताताई, तुम्ही इथे आहातच तर निकालाच्या पानाचा उलगडा कराच. मी दोन आठवडे क्लबकडे फिरकलो नाही, तरी माझे गुण वाढलेत. शिवाय मी ज्याच्या आधी फिनिश केलं तो माझ्यावर आहे. आणि काही आकडे कंसात का?

गुणतक्ता

वाढलेत म्हणून पेढे वाटू नका. इथे कमी गुण चांगले. पहिल्याला १, दुसऱ्याला २, असं.

न आलेल्या रेससाठी तुम्हाला डीएनसी मिळतं, म्हणजे स्टार्टच्या जागी आलातच नाही. त्याचे गुण म्हणजे मालिकेत नोंदलेल्या होड्या अधिक एक. १८ होड्या असतील तर १९. आता पुढच्या आठवड्यात दोन नवीन होड्या मालिकेत आल्या, एकूण झाल्या २०, तर तुमचे सगळे जुने डीएनसी २१ होतात, मागच्या महिन्यातले धरून. कुणी लबाडी केली नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी सगळी मालिका पहिल्यापासून मोजतं. यावरून मला दर मोसमात फोन येतात.

लांब मालिकांत बरेच क्लब एक वेगळी तरतूद करतात, नियमपुस्तकाच्या परिशिष्ट ए मधली. लाइनपर्यंत आलात पण स्टार्ट केलं नाहीत किंवा फिनिश केलं नाहीत, तर त्या दिवशी आलेल्या होड्या अधिक एक एवढेच गुण. समजा १८ पैकी ९ च आल्या: डीएनएफला (फिनिश न केलेल्याला) १०, घरी बसलेल्याला १९. वारा पडलेला असला तरी लाइनपर्यंत जाऊन या, असं मी म्हणते ते यासाठी. तुमच्या क्लबात ही तरतूद आहे का, ते नोटिस ऑफ रेस किंवा सूचनांमध्ये लिहिलेलं असतं.

कंसातले आकडे म्हणजे वगळलेले. काही वेगळं लिहिलेलं नसेल तर प्रत्येकाचा सर्वांत वाईट एक निकाल वगळतात. लांब मालिकेत जास्त वगळतात. डीएनई, म्हणजे गंभीर चुकीबद्दल बाद होणं, मात्र वगळता येत नाही. ते मिळालंच तर आयुष्यभर लक्षात राहील असं काहीतरी केलेलं असतं.

आता तुमच्या मागून आलेला तुमच्यावर का. कारण तुमच्या होड्या वेगवेगळ्या आहेत आणि हँडिकॅप लावलाय, म्हणजे होडीच्या वेगानुसार वेळ सुधारून घेतात. पोर्ट्समथ यार्डस्टिक असेल तर हिशेब सोपा: लागलेला वेळ सेकंदांत, गुणिले १०००, भागिले होडीचा आकडा. तुम्ही १००० आकड्याच्या होडीत ४८ मिनिटं २० सेकंदांत आलात, म्हणजे २९०० सेकंद. सुधारित वेळही २९००. तो ११०० आकड्याच्या होडीत ५२:३० ला आला, ३१५० सेकंद. त्याचे झाले २८६४. लाइनवर तो तुमच्यामागे चार मिनिटांहून जास्त होता आणि कागदावर ३६ सेकंदांनी पुढे. सगळ्यांचे लॅप (कोर्सचे फेरे) सारखे नसतील तर आधी प्रत्येकाचा लॅपमागे सरासरी वेळ काढून तो सर्वाधिक लॅपच्या संख्येने गुणतात. म्हणून निकालात "लॅप्स" हा रकाना जरूर तपासा. टायमिंगवाल्याकडून तुमचा एक लॅप टिपायचा राहिला तर तुम्ही एकदम तळाला जाता, आणि ही गफलत कोष्टकाकडे बघून चटकन लक्षात येत नाही.

नवी_डिंगी

माझ्या नावापुढे यूएफडी आहे. वाईट आहे का?

गुणतक्ता

यू झेंडा वर असताना शेवटच्या मिनिटात लाइनची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्यामधल्या त्रिकोणात होतात, म्हणून सुनावणीशिवाय बाद. काळ्या झेंड्याचं बीएफडी याहून कडक: यू झेंड्यावर बाद झालात आणि तीच रेस परत सुरू झाली तर तुम्हाला उतरता येतं, काळ्या झेंड्यावर नाही. दोन्ही वगळता येतात, तेव्हा झोपा निवांत.

सुकाणू

एक विषय कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो: साइन-ऑफ. हल्ली स्लिपवेजवळ क्यूआर कोड लावलेला असतो, पाण्यात जाताना स्कॅन करून साइन-ऑन करायचं आणि परत आल्यावर साइन-ऑफ. जाताना सगळे करतात, कारण नाहीतर निकालात नाव येत नाही. येताना होडी धुवायची असते, कपडे बदलायचे असतात, राहून जातं. यादीत तुमचं नाव अजून "पाण्यात" दिसतंय, अंधार पडतोय, आणि सेफ्टी बोटवाला तुमची होडी शोधत किनाऱ्यावर फिरतोय. होडी नाही सापडली तर सेफ्टी बोट परत पाण्यात जाते. फोन गाडीत राहिला असेल तर शेजारच्याला तुमचं साइन-ऑफ करायला सांगा, बहुतेक साइट ते करू देतात. काही ठिकाणी विसरल्याबद्दल गुणांचा दंडही असतो.

शिडाआडून

यावर मात्र माझी तक्रार नाही.

प्रोटेस्टचा फॉर्म साइटवर भरला तर चालतो का, की कागदच लागतो? आमच्याकडे दोन्ही आहे आणि कोणी धड सांगत नाही.

गुणतक्ता

सूचनांमध्ये ऑनलाइन फॉर्मचा पत्ता दिला असेल तर चालतो, आणि बराच सोयीचा असतो कारण त्यावर वेळ आपोआप पडते. मुदत महत्त्वाची. सूचनांमध्ये वेगळं काही नसेल तर त्या रेसमधली शेवटची होडी फिनिश झाल्यापासून दोन तास. पुष्कळ क्लब ती कमी करतात. शेवटची होडी कधी आली हे बोर्डावर लावतात, अंदाजाने मोजू नका. फॉर्ममध्ये चित्र काढायच्या जागी अडकून मुदत घालवू नका, आधी घटना काय घडली ते लिहून पाठवा.

फॉर्म कितीही सुंदर भरलात तरी पाण्यावर पहिल्या संधीला "प्रोटेस्ट" असं ओरडला नसाल तर होडी-होडीतल्या नेहमीच्या प्रकरणात तो बहुधा दारातच अडतो. होडी ६ मीटर किंवा त्याहून लांब असेल तर लाल झेंडाही लागतो. सुनावणीची वेळ परत त्याच बोर्डावर लागते, ईमेलची वाट बघू नका.

उधाण_भांग

आणि नियमाचे क्रमांक नवीन पुस्तकातले लिहा. वर्ल्ड सेलिंगचं सध्याचं नियमपुस्तक २०२५–२०२८ चं आहे, १ जानेवारी २०२५ पासून लागू. त्यात प्रोटेस्टचा पाचवा भाग नव्याने मांडलाय. पूर्वी ६१ मध्ये होतं ते आता ६० मध्ये आहे. कितीतरी क्लबांच्या "उपयुक्त लिंक्स"मध्ये अजून जुनं २०२१–२०२४ चं पुस्तकच टांगलेलं असतं.

सुकाणू

आमच्याकडेही तेच टांगलेलं होतं. आत्ताच बदललं.

वाऱ्याच्या_तोंडी

शेवटचं विचारतो. लॅप्सचा रकाना बघितला, माझा खरंच एक लॅप कमी लागलाय. आता काय, प्रोटेस्ट?

गुणतक्ता

आधी प्रोटेस्ट नाही. निकालाच्या पानावर वर "प्रोव्हिजनल" लिहिलेलं असेल. खाली "स्कोअरिंग चौकशी" नावाचा फॉर्म असतो, तो भरा: सेल नंबर, रेस क्रमांक, तुमच्या मते किती लॅप, आणि त्या वेळी तुमच्या लगेच पुढे-मागे कोण होतं त्यांचे सेल नंबर. त्यावरून टायमिंगच्या कच्च्या कागदावर तुमची नोंद शोधता येते. नुसतं "माझा निकाल चुकलाय" लिहिलंत तर मी काय शोधू? आपल्याच नोंदींवरून चूक दिसली तर रेस कमिटीने ती दुरुस्त करायची असते, सुनावणी लागत नाही. कमिटी नाही म्हणाली तर रिड्रेस मागायचा मार्ग आहे, पण त्यालाही मुदत असते, म्हणून चौकशी आजच पाठवा. काही स्पर्धांच्या नोटिस ऑफ रेसमध्ये शेवटच्या रेसची प्रोटेस्ट मुदत संपल्यावर २४ तासांनी गुण बदलायचे नाहीत अशी अट असते, तीही पाहून घ्या.

वाऱ्याच्या_तोंडी

पाठवला. माझ्यापुढे ती निळ्या शिडाची होती, तिचा नंबर आठवत नव्हता, तो नोंदणीच्या यादीतून काढला.

गुणतक्ता

मिळाला. उद्या संध्याकाळी कागद चाळते.